सासूबाईंच्या लग्नाला कोणाचा आक्षेप?

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा खात्याचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रयोगशाळाप्रमुख. मला बोलायचा आग्रह करून आता घड्याळाकडे पाठ करून बसलेले कर्मचारी संघटनेचे सचिव. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती, अर्थात माझ्या सासूबाई. आणि पंपगृहातल्या, गाळणी विभागातल्या, प्रयोगशाळेतल्या, रस्तोरस्ती मीटर वाचत हिंडणाऱ्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

बोलायला उभी राहिले खरी, पण कोणत्या नात्यानं बोलायचं हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. माझ्यामागचा फलक बघा. 'सेवापूर्ती, सत्कार व शुभविवाहानिमित्त निरोप'. एका कापडावर तीन कार्यक्रम उरकलेत. सचिवसाहेबांनी परवा फोन करून विचारलं, "ताई, तुमचं नाव कुटुंबीय म्हणून घालू, की वधूपक्षाकडून?"

मी म्हटलं, "साहेब, वधू माझी सासू आहे."

पलीकडे काहीतरी खोडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं, मी नुसतं 'मनोगत' असं लिहितो."

तर हे मनोगत. मी मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून 'सावकाश, आरशात बघा, क्लच सोडा' एवढीच वाक्यं माझ्या तोंडात असतात. एवढी माणसं समोर बसून शांतपणे ऐकताहेत, हा अनुभव मला नवा आहे. माझे विद्यार्थी तर अजिबात ऐकत नाहीत.

आईंना, मी त्यांना आईच म्हणते, तुम्ही समोर 'मॅडम' म्हणता आणि पाठीमागे 'नमुनाबाई'. दचकू नका. त्यांना ठाऊक आहे. मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनीच सांगितलं होतं, "गावभर हिंडून पाण्याचे नमुने गोळा करते म्हणून मला नमुनाबाई म्हणतात. दुसऱ्या अर्थानंही म्हणत असतील." आणि त्या हसल्या नव्हत्या. त्यामुळे मीही हसू की नको, ते मला समजलं नव्हतं. तेव्हापासून हे असंच चालू आहे.

घरीसुद्धा त्या पेला आधी उजेडाकडे धरतात, मग वास घेतात, मगच पितात. पाहुण्यांकडे गेलं की मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबते. पण ज्या वर्षी शहराच्या अर्ध्या भागाचं पाणी एका बाटलीच्या जोरावर त्यांनी बंद करायला लावलं, त्या वर्षी तुम्ही सगळे इथे होतात. वरून फोनवर फोन येत होते आणि आई म्हणत होत्या, "तुम्ही सही करा आणि सोडा पाणी. माझी सही मिळणार नाही." ती गोष्ट तुम्ही माझ्याहून चांगली सांगाल. मी सांगणार आहे ती तुम्हाला माहीत नसलेली. म्हणजे, मला तरी नीट माहीत आहे का?

नव्या गाळण्या परदेशातून आल्या तेव्हा त्या बसवायला एक तंत्रज्ञही आले. उंचेपुरे, दोरीला अडकवलेला चष्मा छातीवर लोंबणारा. आपल्या भाषेतला एकच शब्द त्यांनी मनावर घेतला होता: 'बरं'. चहा हवा का? बरं बरं. पान्हा कुठे ठेवलात? बरं बरं. तुम्हीच त्यांचं नाव बरंबरंसाहेब ठेवलंत. त्यांनी यंत्र बसवलं, पाणी स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. आईंनी बाटली खिडकीपाशी धरली आणि म्हणाल्या, नाही. ते म्हणाले, यंत्राचा आकडा बघा. या म्हणाल्या, बाटली बघा. दोघांनाही मोडकीतोडकीच येणाऱ्या तिसऱ्याच एका भाषेत हे भांडण कित्येक दिवस चाललं. शेवटी त्यांनी गाळणी पुन्हा उपसली आणि तळाच्या नळीला गेलेला तडा सापडला. चिखलानं भरलेल्या हातांनी ते जिना चढून प्रयोगशाळेच्या दारात आले आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही बरोबर."

तिथून काहीतरी सुरू झालं असावं. असावं म्हणते, कारण आमच्या घरात कोणालाही पत्ता नव्हता. ते काम संपवून परत गेले. आई अधूनमधून फोनवर त्या मोडक्या भाषेत बोलायच्या. आम्हाला वाटायचं, गाळणीबद्दल बोलत असतील.

आणि गेल्या वर्षी एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "निवृत्त झाले की मी लग्न करणार आहे. त्यांच्या देशात. त्यांच्या आई नव्वदीच्या आहेत, त्यांना विमानात बसता येत नाही आणि लग्न तर बघायचंय."

माझ्या नवऱ्यानं घास खाली ठेवला. "कोणाशी?"

"बरंबरंसाहेबांशी."

तो आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि हात धुवायला उठला.

तो शेवटचा शब्द. त्यानंतर या विषयावर तो आईशी बोललाच नाही. रागावला होता असं म्हणावं, तर आईंच्या गुडघ्यांचं औषध तोच आणत होता. खूश होता म्हणावं, तर बरंबरंसाहेबांचा फोन आला की तो गच्चीत जात होता. माझे सासरे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांची चप्पल अजून दारामागे होती, ती नवऱ्यानंच ठेवलेली. मी त्याला एकदा विचारलं, "तुला नेमकं काय वाटतंय?" तो म्हणाला, "तेच बघतोय."

त्यामुळे लग्नाची धावपळ सुनेच्या गळ्यात पडली. गाडी माझी, वेळ माझा, आणि अक्कल? ती उधार घ्यावी लागली. माझ्याकडे एक वकीलबाई गाडी शिकायला यायच्या. चौकात वळण घेता घेता त्यांनी मला सगळा कायदा एका वाक्यात सांगितला: "लग्न कसं लावायचं हे तिथला कायदा ठरवतो, पण या बाईंना लग्न करता येतं की नाही हे इथला कायदा सांगणार." एवढं छान वाक्य बोलल्या आणि वळण चुकल्या. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघी भलत्याच रस्त्यानं जात होतो आणि मी तेच वाक्य मनात घोळवत होते. करता येतं की नाही? म्हणजे काय? माणूस तयार आहे, बाई तयार आहे. आणखी कोणाला विचारायचं?

तर बऱ्याच जणांना. तिकडच्या कार्यालयाला जन्माचा दाखला हवा, आधीचं लग्न संपल्याचा पुरावा हवा, आणि या लग्नाला इकडून काही अडथळा नाही असं इकडच्या सरकारनं लिहून द्यायला हवं. प्रत्येक कागदाचं भाषांतर हवं, तेही त्यांना मान्य असलेल्या भाषांतरकाराकडून. आणि कागदावरचा शिक्का खरा आहे असं सांगणारा दुसरा शिक्का हवा. मी विचारलं, तो दुसरा शिक्का खरा कशावरून? वकीलबाईंनी त्यावर गिअर बदलला. आणखी गंमत म्हणजे हे कागद नासतात. काही महिने उलटले की त्यांना ते शिळे वाटतात, पुन्हा नवे आणा. एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपत आलेली.

असो. आम्ही दोघी विवाह नोंदणी कार्यालयात गेलो. लांबलचक खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, बाकांवर एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेली तरुण मुलंमुली. खिडकीतल्या कारकुनांनी माझ्याकडे बघून विचारलं, "वधू?"

मी आईंकडे बोट दाखवलं.

"वर?"

"परदेशात."

"मग तुम्ही कोण?"

"सून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, ते लग्नानंतर येतं."

पण माणूस चांगला होता. सगळं ऐकून घेतलं आणि हाताशी होता तो दाखला छापून सहीसाठी पुढे सरकवला. आईंनी तो वाचला. पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या.

"काय खोटं आहे?"

"इथं अविवाहित लिहिलंय."

"मॅडम, त्याचा अर्थ आत्ता तुम्ही कोणाशी लग्नात नाही एवढाच."

"माझं लग्न झालं होतं. नवरा वारला. त्याला अविवाहित म्हणत नाहीत."

"अहो, पण काम होण्याशी मतलब. तिकडे कोण बघतंय?"

आई म्हणाल्या, "बाटलीत जे आहे ते मी चिठ्ठीवर लिहिते. आयुष्यभर तेच केलं. या कागदावर सही केली तर माझा मुलगा कुठून आला, ते पण लिहा."

मागची रांग हसली. कारकूनही हसले. आई हसत नव्हत्या. कारकून म्हणाले, विधवा म्हणून दाखला हवा असेल तर अर्ज पहिल्यापासून करावा लागेल, फळ्यावर नोटीस लावावी लागेल, सगळं लांबेल. आई म्हणाल्या, लांबू दे. मी त्यांच्या कानात म्हटलं, "आई, एका शब्दानं काय बिघडतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं गाडी काढायला गेले.

गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. सिग्नलला गाडी थांबली तशा म्हणाल्या, "त्यांना खोडून मला दुसरं घर नको." कोणाला उद्देशून, कळलं नाही. मी नुसती गाडी चालवत राहिले.

तर नवा अर्ज झाला आणि फळ्यावर नोटीस लागली. अमुक विधवा आणि अमुक विधुर यांचा विवाह योजला आहे. कोणाचा आक्षेप असल्यास त्याने मुदतीत कार्यालयात समक्ष हजर राहून कळवावे. मी ती नोटीस हौसेनं फोनवर आमच्या काकांना वाचून दाखवली. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. आज ते इथे दुसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना सगळेजण नमस्कार करतील तर बरं. काकांचं आयुष्य छापखान्यात गेलं, शिशाची अक्षरं जुळवण्यात. लग्न केलं नाही. छापील मजकूर त्यांना आज्ञेसारखा वाटतो. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' लिहिलं असेल तर ते बाटली केवढी हलवतात ते एकदा बघण्यासारखं आहे.

त्यांनी नोटीस दोनदा ऐकली. "समक्ष हजर राहून," असं एकदा पुटपुटले आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातून पत्र आलं. प्रस्तुत विवाहास आक्षेप प्राप्त झाला आहे, सुनावणीस हजर राहावे. आणि आक्षेप घेणाऱ्याचं नाव? काकांचं.

घरात काय झालं ते कसं सांगू? आई खुर्चीवर बसल्या आणि पत्र उजेडाकडे धरून पुन्हा वाचू लागल्या. माझा नवरा कामावरून आला, त्यानं पत्र वाचलं आणि मला विचारलं, "काकांनी घेतला?" त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, मी आजवर विचार करतेय. सुटल्यासारखं होतं की धक्का बसल्यासारखं? बहुधा दोन्ही. मी काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही आक्षेप घेतलात?"

"छे छे! मी तर सांगायला गेलो होतो की नाही म्हणून."

"काय नाही?"

"आक्षेप नाही. समक्ष हजर राहून कळवावे असं होतं ना? मी कळवलं. सकाळची बस पकडून गेलो."

"मग त्यांनी लिहिलं काय?"

"नाव विचारलं, नातं विचारलं. मी म्हटलं, मयत पतीचा भाऊ. मग ते जरा सरळ बसले आणि लिहू लागले."

"तुम्ही वाचलं नाही?"

"नाही गं. अक्षर फार वाईट होतं."

त्या कार्यालयात आक्षेप लिहून घ्यायची सोय आहे, आक्षेप नसल्याची नाही. इतकं साधं होतं. पण सुनावणी टळत नव्हती.

सुनावणीच्या दिवशी माझा नवराही आला. का आलास, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. तो दारातच उभा राहिला. विवाह अधिकारी म्हणून एक बाई होत्या, त्यांना भयंकर सर्दी झालेली. टेबलावर फायलींचा ढीग आणि शेजारी रुमाल. त्यांनी विचारलं, "आक्षेपक कोण?"

काका उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. "मी. पण माझा आक्षेप नाही."

"मग मागे घ्या."

"नसलेला मागे कसा घेऊ?"

"घेतला होता असं मान्य करा, आणि मग मागे घ्या."

"पण घेतलाच नव्हता, तर खोटं कसं मान्य करू?"

आईंनी मान डोलावली. दाखला अडलेला, तिकडची मुदत संपत आलेली, आणि इथे एक नव्हे तर दोन माणसं खऱ्याला धरून बसलेली. अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि जरा नरमाईनं म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही एवढ्या लांबून दोनदा आलात. मनात काहीतरी असेल ना?"

काका पिशवीचे बंद चाचपत राहिले. मग म्हणाले, "आक्षेप नाही. एक शंका आहे."

"विचारा."

"हे लग्न झालं, की या माझ्या वहिनी राहतात का? कायद्यानं विचारतोय."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. काकाच पुढे बोलले, थांबत थांबत. "मला दुसरं कोणी नाही. दादा गेला तरी वहिनी आहेत, म्हणून कधी तसं जाणवलं नाही. रुग्णालयात जातो तेव्हा एक रकाना असतो, जवळचे नातेवाईक. त्यात मी यांचं नाव लिहितो. आता लिहू की नको, तेवढं कोणीतरी सांगा. चुकीचं लिहायला नको."

अधिकारी बाईंनी एक पुस्तक काढलं. चाळलं. मग दुसरं काढलं. कारकुनांना आत बोलावलं, ते दोघं हळू आवाजात बोलले. शेवटी त्या म्हणाल्या, "याबद्दल काही तरतूद दिसत नाही."

तेव्हा आई म्हणाल्या, "भावोजी, नाव लिहा. फोनचा नंबर बदलेल, तो मी तुम्हाला कळवीन."

काका म्हणाले, "बरं." आणि बसले.

बाईंचं नाक त्यानंतर बराच वेळ वाहत होतं. सर्दीमुळेच, असं धरून चालू. त्यांनी कारकुनांना मजकूर सांगितला: 'आक्षेपकाची शंका दूर झाली. आक्षेप अस्तित्वात नव्हता.' काकांनी तो कागद या वेळी नीट वाचला, एका जागी काना राहिला होता तो दाखवून दिला, आणि मगच सही केली. मी मागे वळून बघितलं तर दारात माझा नवरा नव्हता. बाहेर गाडीपाशी उभा होता. परत येताना त्यानं काकांना पुढे बसवलं आणि वाटेत त्यांच्या घरातल्या गळक्या छताबद्दल विचारत राहिला. लग्नाबद्दल अवाक्षर नाही.

दाखला मिळाला. त्यात विधवा असंच होतं. शिक्का झाला, शिक्क्यावरचा शिक्का झाला, भाषांतर झालं, कागद तिकडे गेले, तिकडून तारीख आली, तिकीट काढलं. इथे तुम्ही हॉल सजवायला घेतलात. मला वाटलं, चला, आता फक्त भाषणाचं तेवढं बघायचं.

आणि या सोमवारी तिकडच्या कार्यालयाचा निरोप आला. तुम्हाला हे माहीत नाही. अध्यक्ष महोदय, आपल्यालाही मी आत्ताच सांगते आहे, क्षमा असावी. झालं होतं असं. सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्नाच्या जुन्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, आणि वडिलांचं नुसतं अक्षर. आपल्याला कळतं की माणूस तोच. तिकडे त्यांना वाटलं, हे दोघं. म्हणून त्यांनी अतिशय नम्रपणे लिहिलं होतं, की आपल्या दोन पूर्वीच्या पतींपैकी एकाच्या निधनाचा पुरावा मिळाला आहे. दुसऱ्या पतीबरोबरचा विवाह कसा संपला याचाही पुरावा पाठवावा, तोवर दिलेली तारीख धरू नये.

मी ते वाचून दाखवलं. आई म्हणाल्या, "दुसरा कुठला?" त्यांना खरंच काही उमजेना. मलाही एक क्षण वाटलं, खरंच कोणी दुसरा होता की काय? मग आईंचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं. म्हणाल्या, "राहू दे आता. त्यांना फोन करून सांगते. नाही जमत, तर नाही."

माझा नवरा खिडकीपाशी बूट घालत होता. एका पायात बूट, एक पाय मोकळा. तसाच उठला, माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः वाचलं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, हा माणूस आवाज चढवत नाही, शेजाऱ्यांनी गाडी आडवी लावली तरी चढवत नाही. तो ओरडला, "माझा बाप एकच होता!"

त्यानं तिकडे फोन लावला. दुभाषी मिळेपर्यंत एका पायावर फेऱ्या मारत होता. मग सुरू झाला. "एकच माणूस. नाव उलटसुलट लिहिलंय, माणूस उलटसुलट नाही. मी कोण? मी त्यांचा मुलगा. हो, यांचाच मुलगा. दोघांचा. नाही, तिघांचा नाही!"

तिकडची बाई शांत होती म्हणे. तिनं सांगितलं, जवळच्या नातेवाइकानं इथे येऊन आमच्या अधिकाऱ्यापुढे शपथेवर सांगितलं की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, तर पुरेल. त्यानं विचारलं, "मुलगा चालेल?"

ती म्हणाली, "मुलगा असेल तर प्रश्नच नाही."

त्यानं फोन ठेवला, कामावर सांगून रजा घेतली. कंपनीच्या कामासाठी काढलेला तिकडचा व्हिसा त्याच्याकडे होता, त्यामुळे तेवढं तरी निभावलं. आईंच्या विमानात एक तिकीट मिळालं. लग्नाची तारीख आता पुढच्या आठवड्यात गेली आहे. तीही नक्की का, ते त्यांच्या अधिकाऱ्यानं शपथ ऐकून घेतल्यावर ठरेल.

त्या दुपारी मी त्याला विचारलं, "म्हणजे तुला हे लग्न मान्य आहे?"

तो म्हणाला, "मला माहीत नाही. पण बाबा दोन नव्हते."

मी यावर विचार करून पाहिला. तुम्हीही करून बघा. जो माणूस इतके महिने आईच्या लग्नाबद्दल तोंड उघडत नव्हता, तो ते लग्न मोडायची वेळ आल्यावर परदेशात शपथ घ्यायला निघाला. त्याचं मन कधी बदललं? काकांनी शंका विचारली तेव्हा? का बदललंच नाही? तो तिकडे मागच्या दाराशी उभा आहे, बसायला जागा असूनही. त्याला विचारून उपयोग नाही. त्यालाही ठाऊक नसावं.

काल संध्याकाळी मात्र एक झालं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीत आई म्हणाल्या, "खिडकीची जागा माझी आहे."

तो म्हणाला, "आई, तुला सारखं उठायचं असतं. तू कडेला बस."

"मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र वरून बघणार आहे."

"ढग असतात. काही दिसत नाही."

"मग ढग बघीन."

"आणि मला ओलांडून जाशील दर अर्ध्या तासानं?"

"तू काय पूल आहेस, ओलांडायला? पाय आखडून घे."

"लहानपणापासून हेच. खिडकी तुझी, पाय माझे आखडलेले!"

आणि दोघांचं जे वाजलं म्हणता! मधल्या सगळ्या महिन्यांची गप्प राहिलेली भांडणं एकदम बाहेर पडली: औषध, गच्ची, कोण कोणाला न सांगता काय ठरवतं, सगळं. माझा नळ चालू होता. मी तो बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला इतकं बरं वाटत होतं, की मी रडत का होते ते मला सांगता येणार नाही.

आईंना इथून काय काय मिळालं, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. अध्यक्ष महोदय, आपण वेळात वेळ काढून आलात. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यांची खुर्ची खिडकीपाशीच ठेवायचं ठरवलंय असं कळलं. विवाह कार्यालयातले ते कारकूनही आज आलेले मला मागे दिसताहेत. आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. कुटुंबातर्फे म्हणा, वधूपक्षातर्फे म्हणा.

बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, घरातलं नको तेवढं बाहेर आलं असेल, किंवा गाडी भलतीकडे गेली असेल, तर ते पोटात घाला. उद्या दुपारी विमानतळावर ज्यांना जमेल त्यांनी जरूर यावं. लेकीला सासरी पाठवताना काय बोलतात, हे मी थोडंफार ऐकलेलं आहे. सासूला पाठवताना काय बोलायचं असतं, मला खरंच माहीत नाही. कोणीतरी शेजारी उभं असलेलं बरं.

नमस्कार.